व्यवस्थेचे पृथक्करण व आखणी : गोसीखुर्दच्या धरणावरून काही विचार
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील मुलाला तलाव म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. ‘तलावात काय काय असते?’ असे वर्गात विचारले, तर पाणी, मासे, कमळे, पाळ अशी उत्तरे भराभर येतात. परंतु ‘पाणी केव्हा सोडायचे, हे कोण ठरवितो?’ असे विचारले, की वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. वास्तविक तलावाचा प्राण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पाळ, सांडवा, पाट, धानाची बांधी आणि पाणी वाटून देणारा पाणकर यांना जो संबंध एकत्र बांधतो, त्यामुळेच त्यांची ‘व्यवस्था’ होते. वस्तूंचा ढीग म्हणजे व्यवस्था नव्हे. एका हेतूसाठी परस्परांशी जोडलेल्या घटकांचा समूह म्हणजे व्यवस्था होय.

या व्याख्येची सत्यता याच जिल्ह्याने अनुभविली आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. पाळ तीच राहिली, पाट तेच राहिले. परंतु गाळ कोणी काढावा, फुटलेला पाट कोणी बांधावा, याविषयीचे जुने संबंध तुटले आणि त्यांच्या जागी तितके दृढ असे नवे संबंध निर्माण झाले नाहीत. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. मालगुजारी चांगली होती, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. अर्थ एवढाच, की घटक तेच असले तरी त्यांमधील संबंध बदलताच फळ बदलते.

व्यवस्थेचे घटक व संबंध उलगडून पाहणे याला पृथक्करण म्हणतात, आणि हेतूला अनुरूप असे ते पुन्हा जुळविणे याला आखणी म्हणतात. कारखाने, कचेऱ्या व संगणक यांच्या कामी हे शास्त्र आज सर्वत्र वापरले जाते. पाण्याच्या बाबतीतही त्याचा उपयोग जुना आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आर्थर मास व त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसंपत्तीच्या व्यवस्थांची आखणी या विषयावर १९६२ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अभियंता, अर्थशास्त्रज्ञ व राज्यशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून नदीचा विचार करावा, हा त्या प्रयत्नाचा गाभा होता.

आता पवनी तालुक्यातील गोसीखुर्दकडे वळावे. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुमारे ११ किलोमीटर लांबीचा बांध, ३३ दरवाजे आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील २,५०,८०० हेक्टर जमिनीला पाणी देण्याचा संकल्प, असे त्याचे स्वरूप. सहलीला गेलेला विद्यार्थी भिंत व दरवाजे पाहून परततो आणि धरण पाहिले असे म्हणतो. पृथक्करण करणाऱ्याने मात्र पहिला प्रश्न हेतूचा विचारावा. हेतू भिंत उभारण्याचा नसून शेतात पाणी पोहोचविण्याचा आहे. मग डावा व उजवा कालवा, उपसा सिंचनाच्या योजना, शेतापर्यंत जाणाऱ्या वितरिका, ज्यांची घरे व शेते जलाशयाखाली गेली ती कुटुंबे आणि त्यांची नवी गावठाणे, हे सर्व त्या व्यवस्थेचेच घटक ठरतात.

येथेच दुसरे तत्त्व दिसून येते. साखळीची शक्ती तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते. प्रारंभी या प्रकल्पाचा खर्च ३७२.२२ कोटी रुपये धरला होता. पुढे तो अनेक हजार कोटींवर गेला आणि २००८ साली केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय प्रकल्प म्हणून मान्यता दिली. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे व वितरिका ही कामे भिंतीच्या गतीने पुढे सरकली नाहीत. पाणी अडले, तरी वितरिकेवाचून शेत कोरडेच राहते. आणि ज्याचे गाव उठले, त्याच्या दृष्टीने तर नव्या गावठाणात विहीर, रस्ता व शाळा येईपर्यंत काहीच पूर्ण झालेले नसते.

तिसरे तत्त्व सीमेचे. व्यवस्था कोठे संपते, हे आखणाऱ्याला ठरवावे लागते. परंतु जे सीमेबाहेर टाकले, ते नाहीसे होत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व कन्हानमधून वैनगंगेत येते आणि शेवटी याच जलाशयात उतरते. नागपूरची गटारे धरणाच्या नकाशावर दिसत नाहीत. जलाशयाच्या पाण्यात मात्र दिसतात. काठच्या कोळ्याला व पाणी पिणाऱ्या गावाला ती सीमा मान्य नसते.

चौथे तत्त्व प्रत्याभरणाचे, म्हणजे झालेल्या परिणामाची बातमी परत येऊन पुढील कृती सुधारण्याचे. जलाशयाची पातळी मोजली जाते, वरच्या बाजूच्या पावसाची व विसर्गाची सूचना येते आणि त्यानुसार दरवाजे कमीअधिक उघडले जातात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीमुळे वैनगंगेला व तिच्या उपनद्यांना महापूर आला. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरासारख्या वरच्या धरणांतूनही पाणी सोडावे लागले. भंडारा शहर पाण्याने वेढले गेले, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावांना पूर आला. अशा प्रसंगी केवळ दरवाजे बळकट असून भागत नाही; बातमी पाण्याच्या अगोदर पोहोचावी लागते.

याच ठिकाणी आखणीची खरी अडचणही ध्यानात येते. रब्बीच्या पाण्यासाठी जलाशय भरलेला हवा आणि पूर थोपविण्यासाठी तो काही अंशी रिकामा हवा. दोन्ही हेतू योग्य, परंतु परस्परविरोधी. अशा वेळी कोणत्या महिन्यात किती पातळी राखावी, याचा नियम आधीच विचारपूर्वक ठरवावा लागतो व अनुभवाने तो सुधारावा लागतो. आखणी म्हणजे सर्व इच्छा पूर्ण करणे नव्हे. कोणती हानी कोणाच्या वाट्याला येते, हे उघडपणे तोलणे होय.

शिक्षकाला याचा उपयोग काय? रोवणीच्या दिवसांत एखादा विद्यार्थी आठवडाभर गैरहजर राहिला, तर हजेरीपटावर एक खूण होते आणि दोष मुलाच्या नावावर जमा होतो. पृथक्करणाची सवय असलेला शिक्षक मात्र थोडा थांबतो. घरी धाकट्या भावंडाला कोण सांभाळतो? आई कोणाच्या बांधीत रोवणीला जाते? नव्या गावठाणातून शाळेची वाट किती लांब पडते? अंगणवाडीची वेळ व मजुरीची वेळ जुळते काय? यांतील एखादा धागा हाती लागला, म्हणजे शिक्षेवाचून हजेरी सुधारण्याचा मार्ग दिसू लागतो. उपाय केल्यावर पंधरा दिवसांनी हजेरीपट पुन्हा उघडून पाहावा. प्रत्याभरण ते हेच.

पुढील सहलीत मुलांना धरणाची भिंत अवश्य दाखवावी. परतल्यावर मात्र प्रत्येकाकडून एक कागद भरून घ्यावा : हे पाणी कोठून आले, कोठे जाणार, ते केव्हा सोडायचे हे कोण ठरवितो, आणि ज्यांना त्याची झळ लागली त्यांना कोणी विचारले काय? ज्या मुलाचा कागद भिंतीपलीकडील गावापर्यंत पोहोचला, त्याला धरण समजले असे खुशाल मानावे.