विमान, आगगाडी आणि नारायणगाव



आगगाडी विमानाशी स्पर्धा करू शकते काय, याचे उत्तर पुष्कळसे अंतरावर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियात सिडनी ते पर्थ हा ४,३५२ किलोमीटरचा लोहमार्ग १९७० मध्ये सलग एकाच रुंदीचा झाला व त्यावरून ‘इंडियन पॅसिफिक’ धावू लागली. त्या तीन दिवसांच्या प्रवासाला आज प्रामुख्याने हौशी पर्यटक जातात. कामाचा माणूस विमान धरतो. सिडनी-मेलबर्न अंतर त्याहून बरेच कमी, तरी गाडीस सुमारे अकरा तास आणि विमानास दीड तास. तेथे गाडी मागे पडली ती अंतरापेक्षा संथपणामुळे. जपानमध्ये टोकियो-ओसाका या सुमारे पाचशे किलोमीटरांवर १९६४ पासून वेगवान गाडी आहे, आणि बहुसंख्य प्रवासी तिनेच जातात.

पुणे-नाशिक अंतर तर याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही या दोन शहरांना जोडणारा थेट लोहमार्ग नाही. गाडी कल्याणवरून वळसा घेते. ताशी २०० किलोमीटर वेगाचा, सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतून योजला गेला होता. एवढ्या अंतरावर विमानतळ गाठण्यातच प्रवासाचा वेळ संपतो. शिवाय विमान मंचर-नारायणगावच्या डोक्यावरून निघून जाते. गाडी तेथे थांबू शकते. या तालुक्यांच्या दृष्टीने खरा फरक हाच.

परंतु खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात, आणि विजेच्या गाडीमुळे उठणारा गोंगाट त्या लहरी बुजवू शकतो. मूळ मार्ग या कारणाने अव्यवहार्य ठरवून केंद्र सरकारने शिर्डी व अहिल्यानगरकडील पर्याय पुढे आणला. दुर्बिणीला दोष देणे अन्यायाचे होईल. ती आधी आली, आणि हा परिसर निवडला गेला तो येथील शांततेसाठीच.

दुर्बिणीपासून पुरेसे अंतर राखून मार्ग याच तालुक्यांतून न्यावा, अशी मागणी येथे होत आली आहे. ते अंतर शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी एकत्र बसून मोजावयाचे आहे. पंचायतींनी मात्र आपली आकडेवारी आताच जमवावी: गावातून पुण्यास रोज किती विद्यार्थी व रुग्ण जातात, टोमॅटोचे किती क्रेट बाहेर पडतात, आणि एस. टी.च्या थांब्यावर माणसे किती वेळ उभी असतात.