न पाहिलेल्या घराची वाट

मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतांत, सुमारें ३,००० मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांच्या अरण्यांत, ऐन हिंवाळ्यांत एक कुटुंब चढून आलें आहे. नातवाला फांद्यांवर वाळलेलीं पानेंच दिसतात. तोंच ऊन पडतें, आणि तीं पानें केशरी पंख उघडून उडूं लागतात! हीं मोनार्क फुलपाखरें होत.

कॅनडा व अमेरिकेंतून, कित्येक तर ४,००० किलोमीटर उडून, तीं नोव्हेंबरच्या आरंभीं येथें पोंचतात. तेच दिवस तिकडील पितरांच्या सणाचे; म्हणून पूर्वजच परत आले, अशी तेथील समजूत. वस्तुतः मार्चमध्यें उत्तरेस गेलेलीं फुलपाखरें परतत नाहींत. येतात तीं त्यांचीं नातवंडें-पणतवंडें.

“मग यांना वाट कोणीं दाखविली?” नातू विचारतो. सूर्यावरून दिशा राखण्याचें ज्ञान तीं जन्मतःच घेऊन येतात, असें आजोबा सांगतात.

परंतु वाट ठाऊक असून भागत नाहीं. थंडीपावसांत पांघरूण होणारें हें अरण्य उभें हवें, आणि उत्तरेंत अळ्यांना पोसणारीं, रुईच्या कुळांतलीं रोपेंही हवींत. १९९६-९७ च्या हिंवाळ्यांत या थव्यांनीं सुमारें १८ हेक्टर अरण्य व्यापलें होतें. २०२३-२४ मध्यें एक हेक्टरही नाहीं. आजोबांचें बोट धरून आलेल्या या मुलाला पुढें आपल्या नातवाला येथें आणतां येईल काय?