पदकामागची बाई

(कासार आंबोली, ता. मुळशी येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आपण जिथे जमलो आहोत त्या गावात मुलींची सैनिकी शाळा आहे. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९७ साली काढलेली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची. खडकवासल्याची एनडीएसुद्धा इथून लांब नाही. तिथून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. उद्या या मुलींच्या छातीवर पदकं लागतील, टाळ्या पडतील. त्याआधी पदक म्हणजे नेमकं काय असतं, ते कोण देतं आणि बाईला ते काय भावाने पडतं, हे आपण समजून घेऊ. त्यासाठी मी सोव्हिएत रशियाचं उदाहरण घेते. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे आठ लाख बायका सैन्यात होत्या.

ते युद्ध आपल्यालाही परकं नव्हतं. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो कामगार वस्त्यांतून गायला गेला. इराणमार्गे रशियाला रसद पोचवणाऱ्या सैन्यात भारतीय होते. त्यांतल्या दोघांना १९४४ मध्ये ‘रेड स्टार’ हा सोव्हिएत सन्मान मिळाला. एक तामिळनाडूचे सुभेदार नारायण राव निक्कम आणि दुसरे पिथोरागढचे हवालदार गजेंद्र सिंग.

ही पदकं जमवणारे लोक जगभर आहेत. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, पेन्शनीची किंमत राहिली नाही, आणि म्हाताऱ्या सैनिकांच्या घरातली पदकं बाजारात आली. संग्राहकांना त्यांचं आकर्षण वाटतं त्याला कारण आहे. ‘रेड स्टार’सारख्या सन्मानाच्या मागे नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावरून मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क इथल्या लष्करी दफ्तरातला कागद सापडू शकतो. त्यात सैनिकाचं नाव, जन्मसाल, तुकडी आणि त्याने काय केलं याची हकिकत असते. २०१० पासून असे लाखो कागद रशियाच्या संरक्षण खात्याने संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. धातूचा तुकडा हातात येतो आणि त्यामागून एक माणूस उभा राहतो.

आता यातल्या बायका बघू. ऑगस्ट १९४१ मध्ये एक हुकूम निघाला. रणांगणावरून जखमींना उचलून आणणाऱ्यांसाठी चक्क दरपत्रक ठरलं. १५ जखमी आणले तर पदक, २५ आणले तर ‘रेड स्टार’, ४० ला ‘रेड बॅनर’, ८० ला ‘ऑर्डर ऑफ लेनिन’. अट अशी, की जखमीबरोबर त्याची बंदूकही आणायची. हे काम करणाऱ्यांत कितीतरी अठरा-वीस वर्षांच्या मुली होत्या. आपल्यापेक्षा दीडपट वजनाचा माणूस, वर रायफल, आणि गोळीबारातून सरपटत यायचं. बाई नाजूक असते म्हणणाऱ्यांनी हा हुकूम वाचावा!

रात्री बॉम्ब टाकणारी बायकांची एक विमान रेजिमेंट होती. वैमानिक बायका, दुरुस्ती करणाऱ्या बायका, बॉम्ब चढवणाऱ्याही बायकाच. तिच्यातल्या २३ जणींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब मिळाला. पण एकूण हिशेब मांडा. युद्धातल्या शौर्यासाठी हा किताब अकरा हजारांहून जास्त जणांना मिळाला, त्यांत बायका नव्वदच्या आसपास. ‘ऑर्डर ऑफ ग्लोरी’चे तिन्ही वर्ग मिळवणारे अडीच हजारांवर, त्यांत बायका फक्त चार.

हे का, याचं उत्तर त्या कागदातच आहे. तो लिहितो कोण? वरिष्ठ अधिकारी. शिफारस त्याच्या हातात, बदली त्याच्या हातात, रात्री कुणाला बोलावून घ्यायचं तेही त्याच्याच हातात. काही अधिकाऱ्यांनी आघाडीवर बायका ठेवल्या होत्या. त्यांना सैनिकांच्या बोलीत ‘फौजेतली बायको’ अशा अर्थाचं नाव होतं. ‘युद्धसेवेबद्दल’ असं एक पदक होतं. बाईच्या छातीवर ते दिसलं की पुरुष त्या नावावर अश्लील कोटी करत, हे तंबूत मिळवलं असं म्हणत. तेच पदक पुरुषाच्या छातीवर असलं तर कुणी हसत नसे.

युद्ध संपलं. जुलै १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कालिनिन यांनी घरी परतणाऱ्या मुलींना उपदेश केला, की आपण केलेल्या कामगिरीबद्दल स्वतः बोलू नका, दुसऱ्यांना बोलू द्या. दुसरे बोलले नाहीत. स्वेतलाना अलेक्सिएविच या बेलारूसच्या लेखिकेने या बायकांना गाठून त्यांचं बोलणं टिपून घेतलं, पुस्तक १९८५ साली आलं. पुढे २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यात बायका सांगतात की लग्न जमावं म्हणून, शेजारणींचे टोमणे टळावेत म्हणून आम्ही पदकं लपवली. नवरे मात्र छातीवर लावून मिरवत होते.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. ८ जुलै १९४४. त्या दिवशी सरकारने ‘वीरमाता’ हा किताब काढला. दहा मुलं जन्माला घालून वाढवणाऱ्या बाईसाठी. पाच-सहा मुलांना पदक, सात ते नऊ मुलांना दुसरा सन्मान. त्याच फर्मानाने नोंदणी नसलेलं लग्न अमान्य ठरवलं आणि अविवाहित आईला मुलाच्या बापावर दावा लावण्याची वाटच बंद केली. म्हणजे आघाडीवरून पोटुशी परतलेल्या मुलीचा पोटगीचा हक्क गेला. गर्भपाताला तर १९३६ पासून बंदी होतीच. एका हाताने पदक, दुसऱ्या हाताने हक्क काढून घेणं. एकाच कागदावर!

हे ऐकताना आपल्याकडचे ‘आदर्श माता’ पुरस्कार आठवले ना? वीरपत्नीला व्यासपीठावर बोलावून नारळ आणि साडी देतात. सासरच्या जमिनीत तिचं नाव लावायला मात्र तलाठ्याकडे तिच्याबरोबर कोण जातं?

काही मैत्रिणी म्हणतील, आपण युद्धाच्या विरोधात आहोत, मग बायकांच्या शौर्याचं कौतुक कशाला? मीही युद्धाच्या विरोधातच आहे. हातात बंदूक आली म्हणजे बाई मुक्त झाली, असं मी म्हणत नाही. सोव्हिएत बायकांचा अनुभव नेमकं उलट सांगतो. पण जे काम बाईने केलं ते तिच्या नावावर लागलं पाहिजे, मग ते रणांगणावरचं असो की रोजगार हमीवरचं. आणि सन्मान हा हक्काच्या बदल्यात घ्यायचा नसतो, हे सैनिकी शाळेतल्या मुलींशी कुणीतरी बोललं पाहिजे. ते आपण बोलू.

एक काम सुचवते. आपल्या गावांत अनेक घरांच्या ट्रंकेत महायुद्धातली पदकं पडून असतील. त्या काळच्या भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेला बहुधा नंबर आणि नाव असतं. ते जरूर उतरवून घ्या. पण तिथेच थांबू नका. त्या घरातल्या म्हाताऱ्या सुनेला, लेकीला विचारा. तो लढायला गेला तेव्हा शेत कुणी केलं? मनिऑर्डर कुणाच्या हातात पडायची? तो परत आला नाही तेव्हा पेन्शन कुणाच्या नावावर झाली? या प्रश्नांची उत्तरं पोदोल्स्कच्या दफ्तरात नाहीत, दिल्लीच्याही नाहीत. ती सांगणाऱ्या बायका फार थोड्या उरल्या आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने निदान एकीची हकिकत लिहून आणावी, एवढीच विनंती.