जुनी मोटारगाडी घेण्यापूर्वी
(भाषणाचा मजकूर)

मराठवाडा आणि हैदराबाद यांचा संबंध फार जुना आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच एक भाग होता. पुढे राज्ये वेगळी झाली, तरी औषधोपचार, शिक्षण, व्यापार आणि लग्नाची खरेदी यांसाठी नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतील माणसे आजही हैदराबादची वाट धरतात. देगलूरहून संगारेड्डीमार्गे आणि उमरग्याहून जहिराबादमार्गे हे जाणे-येणे अखंड चालू असते. या खरेदीत आता आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे जुनी मोटारगाडी.

मोठ्या शहरात गाड्या पुष्कळ, त्यामुळे निवडीस वाव अधिक. गावाकडील शिक्षक भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलतो, शेतकरी सोयाबीनचे पैसे बाजूला काढतो आणि दोघेही एखाद्या रविवारी हैदराबादेस जाऊन संध्याकाळी गाडी घेऊन परततात. व्यवहार एका दिवसाचा असला, तरी त्यात घातलेला पैसा अनेक वर्षांच्या काटकसरीचा असतो. बैल घेताना त्याचे दात पाहणारा आणि त्याला चार पावले चालवून पाहणारा माणूस मोटार घेताना मात्र रंग आणि किंमत यांवर समाधान मानतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या बाबतीत कायदा काय सांगतो, ते प्रथम पाहू. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ मधील तत्त्व असे आहे की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क तो घेणाऱ्यास देऊ शकत नाही. चोरीची गाडी प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत मोजून घेतली, तरी सर्वसाधारणपणे ती मूळ मालकाचीच राहते. गाडी जाते आणि पैसेही जातात. गाडी चोरीची आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणून गाडीचा पूर्वेतिहास तपासणे हे घेणाराचे स्वतःचे संरक्षण होय.

क्रमांकाच्या पाटीवरून बोध

हैदराबादेत तीन प्रकारच्या पाट्या दिसतात आणि नवख्या माणसाचा त्यात गोंधळ होतो. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वी नोंदलेल्या हैदराबादच्या गाड्यांवर ‘एपी’ ही अक्षरे आहेत. उदाहरणार्थ, मध्य हैदराबादचा क्रमांक ‘एपी ०९’ होता. जून २०१४ पासून ‘टीएस’ आणि मार्च २०२४ पासून ‘टीजी’ ही अक्षरे नव्या नोंदणीस मिळू लागली. जुन्या पाट्या तशाच ठेवण्यात आल्या. यावरून एक साधी पडताळणी करता येते. गाडीवर ‘एपी ०९’ आहे आणि विकणारा ती २०१७ ची असल्याचे सांगतो, तर दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. अधिक चौकशी केल्यावाचून पुढे जाऊ नये. ‘एपी ३९’ ही मालिका मात्र आंध्र प्रदेशाने २०१९ पासून सुरू केली. तशी गाडी हैदराबादेत उभी असली, तरी ती परराज्याची होय.

दिल्लीच्या क्रमांकाची गाडी स्वस्त मिळत असल्यास त्याचेही कारण समजून घ्यावे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घालणारा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तशाच आशयाचा आदेश दिला. तेव्हापासून मुदत भरत आलेल्या अनेक गाड्या तेथून इतर राज्यांत विक्रीस गेल्या. अशी गाडी वाईटच असते असे नव्हे. परंतु तिचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील कर आणि पुनर्नोंदणी यांचा खर्च किमतीत मिळवल्यावाचून ती स्वस्त की महाग, हे ठरवता येत नाही.

नोंदणी पुस्तिकेचे वाचन

आर.सी. बुक, मग ते कागदी असो वा कार्डाच्या स्वरूपात असो, मूळ प्रत पाहण्याचा आग्रह धरावा. त्यावरील तपशील परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरील अधिकृत नोंदीशी ताडून घ्यावा. मालकाचे नाव, नोंदणीचा दिनांक, इंधनाचा प्रकार, रंग, विम्याची मुदत, गाडी कितव्या मालकाच्या हाती आहे आणि ती तारण आहे किंवा कसे, या गोष्टी बारकाईने पाहाव्यात. दुय्यम प्रत दाखवली जात असेल, तर मूळ प्रत कोठे गेली, हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

तारणाची नोंद विशेष महत्त्वाची आहे. कर्जाचे हप्ते फिटले, असे तोंडी सांगितले जाते. परंतु पुस्तिकेवर बँकेचे नाव असेपर्यंत मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे तिच्या लेखी संमतीवाचून मालकी बदलता येत नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ सादर करून ही नोंद आधी उतरवून घ्यावी आणि मगच पूर्ण रक्कम द्यावी.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. चौदाव्या वर्षी घेतलेली गाडी वर्षभरातच हा खर्च समोर उभा करते.

चेसिस क्रमांक आणि चोरीची गाडी

क्रमांकाची पाटी बदलणे सोपे आहे. चेसिस क्रमांक बदलणे तितके सोपे नाही. हा क्रमांक सतरा अक्षरे व अंक यांचा असतो आणि तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. तो पुस्तिकेतील क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पाहावा. इंजिनाचा क्रमांकही तसाच पाहावा. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेल्डिंग किंवा वाकडीतिकडी अक्षरे दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

या फसवणुकीची रीत जाणून घेणे अगत्याचे आहे. अपघातात पूर्ण निकामी झालेली गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. काही लोक ती गाडीसाठी नव्हे, तर तिच्या कागदांसाठी घेतात. मग त्याच बनावटीची आणि त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिच्यावर भंगार गाडीचा क्रमांक उमटवला जातो. कागद खरे असतात. खोटी असते ती गाडी. केवळ कागद तपासणारा येथे फसतो, तसाच केवळ गाडी तपासणाराही फसतो. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्यासच ही लबाडी उघड होते.

चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते. संबंधित वाहन पोलिसांच्या नोंदींत चोरीचे म्हणून आहे किंवा कसे, हे पाहण्याची सोय या विभागाने नागरिकांसाठी ऑनलाइन केलेली आहे. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांवर उच्च सुरक्षा पाटी अनिवार्य आहे. तिच्यावर लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो.

विम्याची कागदपत्रे काय सांगतात

विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादेतच आहे. परंतु विम्याचे कागद गाडीचा इतिहास सांगतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या वर्षी मालक नुकसानभरपाई मागत नाही, त्या वर्षानंतर त्याला हप्त्यात सूट मिळते. ही सूट पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के होते. भरपाई घेतली की ती साधारणतः शून्यावर येते. म्हणून मागील तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागून घ्याव्यात. सूट चढत गेलेली दिसली, तर मोठ्या अपघाताची भरपाई घेतलेली नाही, असे समजण्यास आधार मिळतो. मध्येच ती शून्य झाली असेल, तर त्या वर्षी काय घडले, हे विचारावे. स्वखर्चाने केलेली दुरुस्ती मात्र या कागदांत दिसत नाही. त्यासाठी अनुभवी मिस्त्रीची नजरच हवी.

ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. घेणाऱ्यास ती मिळत नाही. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. तिऱ्हाइतास झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर येतो. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे.

पुरात सापडलेली गाडी

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली. वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि असंख्य वाहने बुडाली. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर-सांगलीत आणि २००५ साली मुंबईत असेच घडले होते. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विक्रीस आणता येते. परंतु विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेले पाणी महिन्यांनंतर दोष दाखवू लागते आणि मग दुरुस्तीस अंत राहत नाही. ती ओळखण्याचे उपाय सोपे आहेत. आसनाचा पट्टा अखेरपर्यंत ओढून पाहावा. आतील टोकाशी चिखलाचा डाग आढळतो. पायांखालची चटई उचलून गाळ व ओल पाहावी. आसनाखालील लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, दिव्यांच्या काचेत आतून धूसरपणा आहे का, कुबट वास येतो का, हेही पाहावे.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवला जातो, हे सर्वश्रुत आहे. त्या आकड्याची सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांशी तुलना करावी. टायरवर शेवटचे चार अंक निर्मितीचे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी तीस हजार किलोमीटर चालली म्हणतात, पण ब्रेकच्या पायटीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले आहे, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये.

राज्य ओलांडून गाडी आणताना

हैदराबादेत घेतलेली गाडी महाराष्ट्रात कायम वापरावयाची असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते. हे प्रमाणपत्र केवळ औपचारिकता नव्हे. अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे ते देण्यापूर्वी वाहनाच्या चोरीचा गुन्हा दाखल नसल्याचा पोलीस अहवाल घ्यावयाचा असतो आणि शासनाची देणी फिटल्याची खात्री करावयाची असते. ‘प्रमाणपत्र मागाहून पाठवतो’ असे सांगणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच मान्य करू नये. वाहतूक पोलिसांची चलानेही वाहनाच्या क्रमांकावर नोंदली जातात. ती तेलंगणच्या संकेतस्थळावर पाहून विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो.

व्यवहार दलालामार्फत होत असेल, तर तो अधिकृत आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यास परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचनाही कार्यालयास द्यावयाची असते.

विकणाऱ्यानेही सावध असावे

हा विषय केवळ घेणाऱ्याचा नाही. नमुना २९ व ३० वर सह्या करून, त्यावर घेणाराचे नावही न लिहिता, गाडी देऊन टाकण्याची प्रथा आहे. ती अत्यंत घातक आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अशा अनेकांच्या हाती गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला. न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच मालक मानला आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. अपघातग्रस्ताने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली, याचा शोध घेत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागचे न्यायालयाचे म्हणणे होते. वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीपायी एखाद्या कुटुंबाची जमीन वा घर अडचणीत येऊ शकते, हा याचा अर्थ आहे.

राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. गाडी राज्याबाहेर दिल्यास विकणाऱ्यास ४५ दिवसांची मुदत आहे. पावतीवर दिनांकाबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहावी. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी.

श्रोतेहो, या चौकशीस फार तर दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी गाडी व कागद पाहावेत, क्रमांक लिहून घ्यावेत आणि विसार न देता परतावे. दुसऱ्या दिवशी नोंदी, चलाने, विमा व तारण यांची पडताळणी करावी. तिसऱ्या दिवशी ओळखीचा मिस्त्री बरोबर नेऊन गाडी चालवून पाहावी. ‘आजच घ्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असे विकणारा म्हणाला, तर ती गाडी खुशाल दुसऱ्या गिऱ्हाइकास जाऊ द्यावी. हैदराबादेत गाड्यांना तोटा नाही. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि शिकलेल्या तरुणांनी ही माहिती आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून दिली आणि प्रसंगी त्यांच्याबरोबर जाऊन कागद वाचून दाखवले, तर अनेक कुटुंबांची कष्टाची पुंजी सुरक्षित राहील.