लेकरू कुणापाशी ठेवावे?



सुगीचे दिवस आले की एक प्रश्न घरोघर उभा राहतो. कांदा काढायचा असतो, कापूस वेचायचा असतो, घरातली सगळी माणसे रानात जायची असतात. मग कडेवरचे लेकरू कुणापाशी ठेवायचे? चार-पाच माणसांच्या घरात रिकामे कोण असते? आजीसुद्धा रोजाने जाते. मग कुणी बाभळीला झोळी बांधून बाळाला बांधावर निजवते. आणि कुणी थोरलीला सांगते, “आजच्या दिवस शाळेत जाऊ नको गं, बाळाकडं बघ.”

शिक्षक बंधुभगिनींनो, या शेवटच्या वाक्याकडे तुम्ही जरा लक्ष द्या. सुगीतला हजेरीपट काढून पाहा. चौथीतली एखादी मुलगी आठवड्यातून तीन दिवस गैरहजर दिसेल. ती आळशी आहे असे लगेच म्हणू नका. कदाचित तिच्या कडेवर भावंड असेल. बाळाची सोय थोरांनी लावली नाही, की ती त्या पोरीच्या गळ्यात पडते. तिचे पुस्तक मिटते आणि बाळाचीही आबाळ होते, कारण आठ-नऊ वर्षांची मुलगी स्वतःच लेकरू असते.

हे दुखणे जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. हिशेब अगदी सरळ होता. धाकटे पाळण्यात असेल, तर थोरली पाटीवर अक्षर गिरवील.

आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताई तिथे काही तास शिकवते, खेळवते, खाऊ घालते. तिथे मूल अवश्य पाठवा. पण त्याहून लहान बाळाला बहुतेक ठिकाणी आहार, वजन आणि लसीकरण एवढेच मिळते. दिवसभर सांभाळण्याची सोय थोड्याच अंगणवाड्यांत आहे. तेव्हा रांगत्या आणि चालत्या बाळासाठी पाळणाघर नाही तर शेजारची एखादी मावशी शोधावी लागते. ती निवडायची कशी, हे आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, भिंतीवरची चित्रे पाहू नका, माणूस पाहा. सांगून न जाता एखाद्या दुपारी जा आणि तासभर बसा. बाळ रडले तर ती बाई काय करते? उचलून घेते की बसल्या जागेवरून ओरडते? भरवताना बाळाशी बोलते का? मुलाला बोलायला यायला हवे असेल, तर त्याच्याशी कुणी तरी बोलायला हवे. हातात मोबाईल देऊन गप्प बसवलेले मूल शहाणे दिसते खरे, पण ते शिकत काही नाही. आणि एक खूण ध्यानात ठेवा. चांगल्या जागी आईला दारात अडवीत नाहीत. “आत येऊ नका, मुलं बिथरतात,” असे रोजच ऐकू येऊ लागले, तर दुसरी जागा पाहावी हे बरे.

दुसरी गोष्ट, मुले मोजा. एका बाईला दोनच हात असतात. नोकरदार आयांच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस असे प्रमाण धरले आहे. एकटीच मावशी असेल तर मुले याहून पुष्कळ कमी हवीत, आणि तान्ही तर एक-दोनच.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा. घर मातीचे असले तरी चालेल, पण उघडा हौद चालणार नाही. रांगते बाळ वीतभर पाण्याच्या बादलीतही बुडू शकते. चूल कुठे आहे, विहिरीला कठडा आहे का, आवाराला फाटक आहे का, हे पाहा. फवारणीचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवायची सवय अनेक घरांत असते. मूल ती बाटली सरबत समजून तोंडाला लावते. असे औषध मूल असलेल्या घरात नकोच. असेलच तर कुलपात हवे.

चौथी गोष्ट खाण्याची आणि झोपेची. सहा महिन्यांच्या आतले बाळ आईच्या दुधावर असते. त्याला दूर ठेवायची वेळ शक्यतो आणू नये. आणावीच लागली, तर आईला मधूनमधून येऊन पाजता येईल इतक्या जवळची जागा हवी. मोठ्या बाळाला ताजे मऊ अन्न, झाकलेले पाणी आणि भरवण्याआधी साबणाने धुतलेले हात हवेत. तान्ह्याला उताणे निजवावे. बाळ घरी आल्यावरही गुंगीतच असेल, उठवून उठत नसेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या आणि मग विचारणा करा. पूर्वी मुले निजावीत म्हणून अफू चाटवीत असत. आता कुणी खोकल्याचे औषध पाजते. दोन्ही जिवावर बेतणारी आहेत.

जागा ठरली म्हणजे काम संपले असे नव्हे. पहिल्याच दिवशी बाळ सोपवून पळू नका. पहिले दोन दिवस आईने सोबत बसावे, मग तासभर सोडावे, मग अर्धा दिवस. लपून निघून जाऊ नये. “मी रानात जाते, दिवस मावळायच्या आत येते,” असे सांगून जावे आणि शब्द पाळावा. बाळ आठ-पंधरा दिवस रडेल, त्यात नवल नाही. पण महिना झाला तरी त्या दारापाशीच अंग चोरू लागले, झोपेत दचकू लागले, अंगावर वळ दिसले, तर मात्र लेकराचे खरे माना.

आता तुम्ही म्हणाल, “आमच्या वाडीत पाळणाघरच नाही, तर निवडायचे काय?” प्रश्न रास्त आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणी तरतूद केलेली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर मजूर बायांपैकीच एकीला ती सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. यातले मर्म घेण्यासारखे आहे. मूल सांभाळणे हे काम आहे आणि कामाला दाम हवा. सुगीपुरती पाच घरे एकत्र आली, एका भरवशाच्या मावशीची मजुरी त्यांनी वाटून घेतली, तर पाच पोरी शाळेत जातील. गुरुजींनी आणि बाईंनी पुढाकार घेऊन पालकसभेत हा विषय काढावा. ग्रामपंचायतीकडे एखादी सावलीची खोली मागावी.

आणि घरच्या पुरुषमंडळींना एक सांगणे आहे. बैल घ्यायचा तर आपण चार बाजार हिंडतो, दात पाहतो, चालवून बघतो. लेकराची जागा पाहायला मात्र एकट्या आईला धाडतो. या वेळी तुम्हीही तिच्याबरोबर जा आणि तासभर तिथे बसा.