नवऱ्याकडे जायचे, पण कोणत्या कागदावर?



नर्मदेपलीकडची मुलगी धडगावला सून म्हणून येते. तिकडे मध्य प्रदेश, इकडे महाराष्ट्र. पण देश एकच, म्हणून तिला कोणाचा परवाना लागत नाही.

परदेशाचे तसे नाही. तिथे दोन कागद लागतात. पासपोर्ट आपले सरकार देते. माणूस कोण, हे तो सांगतो. व्हिसा त्या देशाचे सरकार देते. माणूस कशासाठी आला, किती दिवस राहणार, हे तो सांगतो.

व्हिसा अनेक जातींचे असतात. पाहुण्याचा वेगळा, कामाचा वेगळा, कुटुंबाचा वेगळा.

समजा, एका बाईचा नवरा दुबईत कामाला आहे. महिनाभर भेटून परत यायचे, तर पाहुण्याचा व्हिसा पुरतो. संसार करायचा, तर कुटुंबाचाच हवा. तो तिथे नवऱ्याने मागायचा असतो. त्यासाठी त्याचा पगार महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला घर, इतका लागतो. म्हणून आधी पगार विचारा. लाजू नका.

लग्नाचा दाखलाही लागतो. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करा. दाखल्यावर आपल्या सरकारचे आणि त्यांच्या वकिलातीचे शिक्के लागतात. पासपोर्टावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच हवे.

एखादा दलाल म्हणेल, "पाहुण्याच्या व्हिसावर चला, बाई. मागाहून बघू. कामही लावून देतो." ऐकू नका. त्या व्हिसावर मजुरी करता येत नाही. मुदत संपली की दर दिवसाला दंड चढतो. दहावी न झालेल्याला आखाती देशांत कामाला जायचे तर आपल्या सरकारची मंजुरी लागते. तिशीच्या आतल्या बाईला घरकामासाठी ती मिळत नाही.

ब्रिटनचा नियम आणखी कडक. पाहुणी म्हणून गेलेल्या बायकोला तिथे राहून व्हिसा बदलून मिळत नाही. परत येऊन इथूनच अर्ज करावा लागतो. भाड्याचे पैसे वाया जातात.

व्हिसा मराठीत नसतो. म्हणून पैसे देण्याआधी तो गुरुजींना दाखवा. तीन गोष्टी विचारा: व्हिसा कशाचा? मुदत किती? नाव बरोबर आहे का? उत्तरे आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा.

आपण अक्षर शिकलो ते याचसाठी. दलालाची जीभ फिरते. कागदावरचे अक्षर फिरत नाही.