अधूनमधून तुटणारें ब्रॉडबँड



घरांतील ब्रॉडबँड साफ बंद पडलें तर फारशी पंचाईत होत नाहीं. तक्रार नोंदवावी, तंत्रज्ञ येतो, तुटलेली तार जोडतो आणि जातो. खरा जाच तें अधूनमधून तुटूं लागलें म्हणजे सुरू होतो. दोन मिनिटें जातें, पुन्हां येतें, तासभर नीट चालतें. आणि मुलीची नोकरीसाठीं मुलाखत पडद्यावर ऐन रंगांत आली असतां समोरच्या परीक्षकाचा चेहरा थिजून राहतो! वणीला किंवा पुसदला राहून पुण्याच्या कचेरीचें काम करावयाचें, तर या तारेवांचून गत्यंतर नाहीं. २०२५ सालापासून सीसीआयला हमीभावानें कापूस घालावयाचा तर त्याची नोंदणीहि 'कपास किसान' या ॲपमधून करावी लागूं लागली. ती भरतां भरतां संबंध तुटला कीं शेतकऱ्यानें पुन्हां श्रीगणेशा करावयाचा.

हा विकार हिंवतापाच्या जातीचा आहे. ताप एकाआड एक दिवस चढतो, आणि वैद्यबुवा येतात तेव्हां रोगी उठून बसलेला असतो. तंत्रज्ञ दारांत उभा राहिला कीं दिवे हिरवेगार असतात. तो 'सगळें ठीक आहे' म्हणून निघून जातो, आणि त्यांत त्याची लबाडी नसते. म्हणून तापाचा ठेवतात तसा या तुटण्याचाहि तक्ता ठेवावा. साध्या वहींत चार रकाने आंखावेत: केव्हां तुटलें, किती मिनिटें तुटलें, त्या वेळीं कोणता दिवा कसा होता, आणि घरांत वा आकाशांत काय चाललें होतें. आठ दिवसांत ही वही बोलूं लागते.

प्रथम दिवे पाहूं. फायबरच्या पेटीवर 'पॉन' व 'एल. ओ. एस.' असे दोन दिवे असतात. दुसरा लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं. मग राऊटर दहा वेळां बंद-चालू करून कांहीं हातीं लागत नाहीं. फायबर हा कांचेचा तंतु. त्याचा गाभा सुमारें ९ मायक्रॉन जाडीचा, केसाहूनहि कितीतरी बारीक. तो फार वाकला कीं प्रकाश गळतो. कपाट मागें सरकवतांना दबलेली किंवा खिळ्याभोंवतीं हौसेनें गुंडाळलेली तार चालते खरी, पण काठावर. जरा धक्का लागला कीं संबंध गेला. तंत्रज्ञ आला म्हणजे त्याच्या मापकावरील आंकडा आवर्जून विचारावा. उणें १५ ते उणें २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर उत्तम; उणें २७ च्या आसपास असेल तर तार आज चालली तरी उद्यां रडविणार. मात्र स्वतः जोड काढून त्याच्या टोकांत डोळा घालूं नये. तो प्रकाश दिसत नाहीं, पण डोळ्यास घातक आहे.

दिवे हिरवे असूनहि संबंध तुटत असेल तर लॅपटॉप केबलनें थेट राऊटरला जोडून पाहावें. केबलनें अखंड चाललें आणि बिनतारी तेवढें तुटलें, तर दोष वायफायचा. लोखंडी कपाटाच्या आड किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारीं ठेवलेल्या राऊटरकडून फार अपेक्षा करूं नये. शेजारपाजारचीं सारीं यंत्रें एकाच वाहिनीवर बोलत असतील, तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत १, ६ किंवा ११ यांपैकीं कमी गर्दीची वाहिनी निवडावी. केबलनेंहि तसेंच तुटत असेल, तर प्रश्न कंपनीच्या दारीं न्यावा.

पण त्यापूर्वीं वहीचा दुसरा रकाना वाचावा. माझ्या मतें तोच सर्वांत बोलका असतो. प्रत्येक खंड जर नेमका दोन-तीन मिनिटांचा असेल, तर बहुधा तार तुटत नसून यंत्रच बंद पडून नव्यानें सुरू होत आहे. यवतमाळचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि कूलरची मोटार व राऊटर एकाच बोर्डावर! मोटार सुरू होतांना दाब क्षणभर पडतो. आपल्याला दिवा मिचकावल्यासारखा दिसतो, राऊटरला मात्र तेवढी डुलकी पुरते. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणींहि हेंच घडतें. राऊटरला वेगळा बोर्ड द्यावा, किंवा त्याच्यापुरतें छोटें यूपीएस घ्यावें. उन्हाळ्यांत ॲडॅप्टर जुना होऊन दुबळा झाला असेल तर तो बदलावा. व्होल्ट तितकेच, अँपिअर तितके किंवा अधिक.

खंडांची लांबी अनियमित असेल आणि ते पाऊसवाऱ्याशीं जुळत असतील, तर दोष बाहेरचा. जुन्या तांब्याच्या तारेच्या सांध्यांत मृगाची पहिली सर शिरली कीं खरखर सुरू होते. टेलिफोन कानाला लावला तरी ती ऐकूं येते. फायबरला ओलीचें तितकें भय नाहीं, पण खांबाखांबावरून लोंबणाऱ्या तारेला वादळाचें आहे, आणि वानरांचेंहि. २०१५ सालीं वाराणसींत गंगेकांठच्या फायबरच्या तारा माकडांनीं कुरतडल्याची बातमी जगभर छापून आली होती. विदर्भांत हसूं येण्याजोगें तींत कांहीं नाहीं.

तक्रार करतांना 'नेट चालत नाहीं' असें मोघम सांगूं नये. वहींतील तारखा, वेळा आणि दिव्यांची स्थिति वाचून दाखवावी. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे. तो त्याच वहींत लिहावा, कारण समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातांना तोच लागतो. दुरुस्तीनंतर तक्रार मिटली कीं नाहीं असा निरोप येतो. त्याला लगेच होकार न देतां वही आणखी आठ दिवस चालूं ठेवावी, आणि त्या आठांत एखादा पावसाचा दिवस येईल असें पाहावें.